आंब्याची कोय आणि काचेची नळी



महोत्सवानिमित्त चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली. आम्ही पडलो विज्ञानाचे मास्तर. तेव्हा झाडांचे वाण जपण्याविषयी बोलावे असे ठरविले.

ज्वारीचे वाण जपणे तसे सोपे. आपल्या पाटणचेरूस 1972 साली स्थापन झालेल्या 'इक्रिसॅट' संस्थेत ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग इत्यादींचे 1 लाख 20 हजारांहून अधिक नमुने आहेत. बी वाळवावे, हवाबंद करावे, उणे 20 अंशांवर ठेवावे. ते दशकानुदशके टिकते. आंब्याची कोय हे सोसत नाही. वाळविली की मेली, गोठविली तरी मेली. शिवाय 'हिमायत'ची कोय पेरून 'हिमायत'च येईल असा भरवसा नाही. तिच्यात परक्या झाडाचा पराग मिसळलेला असतो. म्हणून कलम करावयाचे, आणि त्यासाठी झाड जिवंत हवे. (हिमायत या अरबी शब्दाचा अर्थ कैवार, पाठराखण. आंब्यास नाव मोठे साजेसे आहे!)

यावर शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. शेंड्याचा अगदी बारीक तुकडा घ्यावयाचा, निर्जंतुक करावयाचा आणि काचेच्या नळीत आगर, साखर व क्षार यांच्या थिजलेल्या खाद्यावर ठेवावयाचा. त्यास कोंब फुटतात. नळी गारव्यात, मंद उजेडात ठेवली की वाढ मंदावते, खाद्यही वरचेवर बदलावे लागत नाही. त्याच्या पुढची पायरी द्रवरूप नायट्रोजनची. उणे 196 अंशांत जीवनव्यापार जवळजवळ थांबतो. मात्र पेशींतील पाण्याचे स्फटिक झाले तर ते पेशी फाडतात. म्हणून ते पाणी आधीच कमी करावे लागते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मस्करेन्हास प्रभृतींनी शंभर वर्षांच्या सागाच्या डोळ्यांपासून कोंब वाढविले. तो वृत्तान्त 1980 साली प्रसिद्ध झाला. तुतीचे सुप्त डोळेही द्रव नायट्रोजनात टिकतात.

आंबा मात्र हट्टी. कापताच त्यातून द्रव्ये पाझरतात, नळीतले खाद्य काळे पडते, आत दडलेले जंतूही डोके वर काढतात. मोठ्या आंब्याची अशी साठवण अजून नित्याची झालेली नाही. त्याची भिस्त बागांवरच. सांगारेड्डीच्या फळ संशोधन केंद्रात शेकडो जाती अशाच उभ्या आहेत. पण बागेस वादळ आहे, कीड आहे.

आता घरचे बोलतो. वसतिगृहाच्या आवारात सभागृह घाटत आहे आणि दोन जुने आंबे त्याच्या आड येतात. त्यांतील एकाची जात कोणासच सांगता येत नाही. सभागृहास आमचा विरोध नाही. आमच्याच मुलांस त्याची निकड आहे. पण येत्या पावसाळ्यात दोन्ही झाडांच्या काड्या घेऊन कोयकलमे बांधावीत, ती जगलेली पाहावीत, मगच कुऱ्हाड लावावी. खर्च थोडा आहे. कोयी आमची मुले जमवतील. काड्या निवडणारा जाणता माळी तेवढा विश्वस्तांनी द्यावा.