एका पेनीचा हिशेब



१६०५ मध्ये लंडनची पार्लमेंट दारूने उडवण्याचा मूठभर कॅथलिकांचा कट फसला, आणि संशय साऱ्या कॅथलिक समाजावर आला. दर ५ नोव्हेंबरला आभाराची प्रार्थना कायद्याने सक्तीची झाली. शेकोट्यांत पुढे पोपचे पुतळेही जळू लागले.

आयर्लंडमध्ये डॅनियल ओकॉनेल यांनी महिना एक पेनी वर्गणीवर कॅथलिकांची सनदशीर चळवळ उभी केली. १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटची दारं उघडली. १८५९ मध्ये प्रार्थनेची सक्ती गेली. आज त्या रात्री बहुतेक इंग्रज फक्त आतषबाजी पाहायला जमतात.

मी सॉफ्टवेअरवाला. कोडची एक ओळ बदलली की प्रोग्रॅम बदलतो. तो सण बदलायला अडीचशे वर्षं लागली. आपल्याला इतकी वाट पाहायची नसेल, तर त्या एका पेनीचा हिशेब शिकू या.