नळी किती बंद, की स्नायू किती तहानलेला?

मी रेडिऑलॉजिस्ट आहे आणि माझं बरंचसं काम हृदयाचे एमआरआय वाचण्याचं आहे. आज स्ट्रेस कार्डिॲक एमआरआय या एकाच तपासणीबद्दल बोलणार आहे. पण आधी एक सूचना, कारण हे कोण कोणत्या वेळी ऐकत असेल ते सांगता येत नाही. छातीत अचानक दाबल्यासारखं दुखतंय, घाम सुटलाय, कळ हातात किंवा जबड्यात उतरतेय, बसल्या जागी धाप लागतेय, असं असेल तर मला बंद करा आणि जवळच्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा. तिथे तुम्हाला ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी लागेल, एमआरआय नाही.

मी बोलणार आहे ते दुसऱ्या दुखण्याबद्दल. जिना चढताना किंवा जेवण करून भरभर चालताना छाती भरून येते, थांबलं की दोन-पाच मिनिटांत ओसरते. चार दिवसांनी पुन्हा तेच. (हे नव्यानेच सुरू झालं असेल किंवा वाढत चाललं असेल, तर तेही लगेच दाखवायचं.)

अशा माणसाची अँजिओग्राफी झाली की घरचे, शेजारचे, सगळे एकच विचारतात, ‘ब्लॉकेज किती टक्के?’ सत्तर टक्के म्हटलं की घरात एफडी मोडायची चर्चा सुरू. पण हा टक्का नळीचा आहे. दुखतो तो स्नायू. त्याला रक्त कमी पडतंय की नाही, हे त्या टक्क्यातून दरवेळी कळत नाही.

अमेरिकेतल्या के. लान्स गूल्ड यांनी १९७४ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हे नीट दाखवलं. प्राणी स्वस्थ असताना नळी साधारण ८५ टक्के अरुंद होईपर्यंत तिच्यातला प्रवाह कमी होत नाही. पण त्याच नळीकडून जास्तीत जास्त प्रवाह मागितला, तर ५० टक्क्यांच्या आसपासच तूट दिसायला लागते. आपल्या सोसायटीत हेच होतं. रात्री दोन वाजता चौथ्या मजल्यावरही नळाला छान पाणी येतं. सकाळी सात वाजता सगळ्यांनी नळ सोडले, की कोणाची पाइप गंजलीय ते कळतं. म्हणून हृदय तपासायचं तर सकाळचे सात वाजवावे लागतात. ‘स्ट्रेस’ म्हणतात तो हा.

ट्रेडमिलवर आपण धावून सात वाजवतो. एमआरआयच्या बोगद्यात धावता येत नाही, म्हणून ॲडिनोसिन नावाचं औषध शिरेतून तीन-चार मिनिटं देतात. त्याने हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि निरोगी भागातला प्रवाह तीन-चार पट होतो. त्याच वेळी दुसऱ्या हातातून गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट सोडतात. जिथे रक्त जोमाने पोचतं तो स्नायू पडद्यावर उजळतो, जिथे कमी पडतं तिथे काळसर पट्टा राहतो. बहुतेकदा तो आतल्या थरात असतो, कारण तहान पहिल्यांदा तिथेच लागते. मग तेच चित्र विश्रांतीत घेतात. शेवटी, कॉन्ट्रास्ट देऊन दहाएक मिनिटं झाल्यावर, आणखी काही चित्रं घेतात, त्यांत जुन्या अटॅकचा व्रण पांढराशुभ्र दिसतो. म्हणजे तहानलेला स्नायू आणि मेलेला स्नायू वेगळे ओळखता येतात. स्टेंट किंवा बायपास करायचा का, या प्रश्नात हा फरक फार मोठा आहे, कारण व्रण भिंतीच्या अर्ध्याहून अधिक जाडीत पसरला असेल, तर नळी उघडूनही तो भाग पुन्हा नीट आकुंचन पावण्याची आशा कमी असते.

ॲडिनोसिन चालू असताना चेहरा गरम होतो, छाती जड वाटते, धाप लागते. घाबरवणारी मिनिटं असतात ती, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. पण हे औषध रक्तात काही सेकंदच टिकतं. थेंब थांबवले की मिनिटभरात बहुतेकांना मोकळं वाटतं. हातात बटण असतं, डॉक्टर काचेपलीकडे उभे असतात. एकूण पाऊण ते एक तास. किरणोत्सर्ग अजिबात नाही.

आता चहा. तपासणीआधी २४ तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, त्याही बंद. कॅफीन ॲडिनोसिनची जागा अडवून बसतं. मग स्ट्रेस नीट येतच नाही, आणि आजारी हृदयही निरोगी दिसू शकतं. ‘अर्धा कप चालेल का हो?’ हा मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. नाही चालत. गंमत म्हणजे याची खूण प्लीहेत मिळते. ॲडिनोसिनचा असर झाला की प्लीहेचा रक्तप्रवाह घटतो आणि स्ट्रेसच्या चित्रांत ती काळवंडते. ती उजळच राहिली, तर आम्ही पहिली चौकशी चहाचीच करतो. प्लीहा चहाची चहाडी करते म्हणा ना!

या सगळ्याने खरंच काही फरक पडतो का? ब्रिटनमधल्या सीई-मार्क २ या अभ्यासात १,२०२ रुग्ण होते. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या तेव्हाच्या रूढ नियमांनी तपासलेल्यांपैकी २८.८ टक्क्यांची अँजिओग्राफी शेवटी अनावश्यक ठरली. एमआरआयच्या गटात ७.५ टक्क्यांची. २०१९ च्या एमआर-इन्फॉर्म अभ्यासात ९१८ जण होते. एका गटात एमआरआयवरून ठरवलं, दुसऱ्यात अँजिओग्राफी करून नळीतला दाब मोजून. स्टेंट किंवा बायपास एमआरआयच्या गटात सुमारे ३६ टक्क्यांना लागला, दुसऱ्यात ४५ टक्क्यांना. वर्षभरात मृत्यू, अटॅक वगैरेचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. तरीही प्रत्येकाला एमआरआयच हवा असं मी म्हणणार नाही. वय कमी आहे, धोका कमी आहे, नळ्या स्वच्छ आहेत एवढंच बघायचंय, तर सीटी अँजिओग्राफी पुरते.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्या रुग्णांची, आणि त्यांत बायका पुष्कळ असतात. अँजिओग्राफी ‘क्लीन’. मग ‘गॅसेस असतील’, ‘टेन्शन घेऊ नका’. ती बाई घरी जाते आणि जिन्यात पुन्हा थांबते. आता तर ‘नाटकं करते’ हेही ऐकावं लागतं. अँजिओग्राफीत मोठ्या नळ्या दिसतात. बिघाड केसासारख्या बारीक वाहिन्यांत असेल तर तो त्यात दिसत नाही. स्ट्रेस एमआरआयमध्ये कधीकधी हृदयाच्या आतल्या कडेने काळसर कडं दिसतं. याला मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना म्हणतात, आणि त्याला औषधं आहेत. तिन्ही नळ्या अरुंद असल्या तरी असंच कडं दिसू शकतं, म्हणून अँजिओग्राफीचा रिपोर्ट शेजारी ठेवूनच ते वाचायचं. मी रिपोर्टमध्ये ‘इस्किमिया आहे’ असं लिहिते, तेव्हा त्या कागदाचा अर्ध्याहून अधिक उपयोग नातेवाइकांना दाखवायला होत असावा.

तीव्र दमा असेल, हृदयाच्या ठोक्यांच्या वहनात मोठा अडथळा असेल, तर ॲडिनोसिन देत नाहीत. काहींना डोब्युटामिन देऊन काम भागतं. मूत्रपिंडं फार खराब असतील तर गॅडोलिनियमचा विचार जपून करावा लागतो. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड आणा, काही चालतात, काही नाही. स्टेंटची मात्र भीती नको, स्टेंट असलेल्यांचा एमआरआय रोज होतो.

एमआरआयचं मशीन आता जिल्ह्याच्या गावीही असतं, पण ही तपासणी तिथे होतेच असं नाही. त्याला हृदयाचं सॉफ्टवेअर लागतं, औषध चालू असताना डॉक्टर हजर लागतात आणि चित्रं वाचणारा सवयीचा माणूस लागतो. म्हणून आधी फोन करून ‘कार्डिॲक एमआरआय होतो का’ एवढंच विचारू नका. ‘स्ट्रेस पर्फ्युजन करता का, आणि महिन्याला किती करता’ असं विचारा. येताना जुने ईसीजी, एको, अँजिओग्राफीची सीडी आणि क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणा. आणि सकाळी दहाची वेळ मिळाली असेल, तर शेवटचा चहा आदल्या दिवशी दहाच्या आत.