अर्ध्या हळकुंडाचे मत्स्यगुरू



गेले तीन दिवस या मंडपात आपण भारदस्त विषय ऐकलेत. मुकुंदराज-दासोपंतांची परंपरा झाली, ऊसतोडणी कामगारांचा प्रश्न झाला, गोदावरीच्या खोऱ्यातील पाणी झाले. आज आमच्या वाट्याला आलेला विषय दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. काचेच्या पेटीत शोभेचे मासे पाळणे हा तो विषय. आम्ही तो सुचविला तेव्हा चालकांपैकी एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "अहो, इथे माणसांना पाणी मिळताना मारामार, आणि तुम्ही मासे कसले पाळता?" त्यांचे म्हणणे रास्त होते. ज्या जिल्ह्यातील म्हातारी माणसे आपले वय १९७२ च्या दुष्काळावरून सांगतात, तेथे दिवाणखान्यात शोभेसाठी पाणी ठेवणाराने थोडे ओशाळावे हेच बरे. तथापि हा छंद आता बीडमध्ये आला आहे, अंबाजोगाईत आणि परळीतही आला आहे. मुलाच्या वाढदिवसाला फिश टँक भेट देण्याची चाल पडली आहे. आणि पुष्कळ घरी पहिला महिना संपण्याच्या आत पेटी रिकामी होऊन माळ्यावर जाते. ते मासे का मरतात याचा शोध घेता घेता आम्ही माशांपासून निघालो आणि माणसांपाशी येऊन पोहोचलो. मासे रोगाने थोडे आणि सल्ल्याने फार मरतात, असे आमचे मत झाले आहे. तो सल्ला देणारांत एके काळी आम्हीही होतो, म्हणून हे बोलण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे.

आमची कथा अशी. घराची वास्तुशांत झाली तेव्हा आमच्या मेहुण्यांनी पेटी आणून दिली. त्याच दिवशी आम्ही दहा मासे आणून तीत सोडले. तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखे पांढरे झाले. आमच्या कचेरीत एक सहकारी होते. त्यांनी चार महिने मासे पाळलेले होते, आणि आमच्या दृष्टीने चार महिने म्हणजे तपश्चर्या. ते म्हणाले, "सगळे पाणी फेका. वाळू धुऊन उन्हात टाका. फिल्टरचा स्पंज साबण लावून पिळा." आम्ही तसे केले. आमच्या सौभाग्यवतींनी साठवून ठेवलेले तीन घागरी पाणी त्यात गेले, त्यावरून घरात जे बोलणे झाले ते येथे सांगण्याचे कारण नाही. चार मासे मेले. मग दुसऱ्या एका जाणत्याने खडे मीठ टाकावयास सांगितले, ते टाकले. तिसऱ्याने निळे औषध सांगितले. ते ओतल्यावर पेटी शाईच्या दौतीसारखी दिसू लागली आणि मासे आहेत की नाहीत हेच कळेनासे झाले. कळले तेव्हा दोन उरले होते.

पुढे आमच्या मातोश्री आजारी पडल्या. सव्वा महिना आम्ही इस्पितळात आणि घरात येरझारा घालीत होतो. पेटीकडे कोणी पाहिले नाही. शेजारच्या आजी सकाळी चिमूटभर दाणे टाकीत, तेवढेच. परत येऊन पाहतो तो पाणी आरशासारखे स्वच्छ आणि ते दोन मासे खुशाल! याचे श्रेय आम्ही कोणाला दिले असेल? खड्या मिठाला. त्या दिवसापासून आम्ही मत्स्यगुरू झालो आणि भेटेल त्याला मीठ सांगू लागलो.

वस्तुस्थिती आम्हांस फार उशिरा कळली. ती जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख तेथेच आहे. मासा पाण्यात अमोनिया सोडतो, त्यातला बराचसा कल्ल्यांवाटे. उरलेले अन्न कुजून त्यात भर घालते. हा अमोनिया माशाला विष आहे. नदीत, तळ्यात, बारवेत काही सूक्ष्म जिवाणू तो खातात आणि त्याचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच. जिवाणूंची दुसरी जात त्याचे नायट्रेट करते, आणि ते थोडे असले तर मासा निभावून नेतो. हे जिवाणू वाळूवर, काचेवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात घर करतात. नव्या पेटीत त्यांची वस्ती पुरेशी होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे आम्ही पहिल्या दिवशी दहा मासे सोडले ते वस्ती नसलेल्या गावात. आणि थोडी वस्ती होऊ लागली तोच साबण लावून ती उठविली. आमच्या मातोश्रींच्या आजारपणात सव्वा महिना कोणी पेटी धुतली नाही, मासे दोनच होते, दाणे चिमूटभरच पडत होते. आमच्या दुर्लक्षाने जे साधले ते आमच्या काळजीने बिघडविले होते.

आता आपल्या पाण्याविषयी. आपल्याकडे बोअरचे पाणी काळ्या बेसाल्टच्या खडकातून येते. ते जड असते. घागरीच्या आत चढणारा पांढरा थर प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. असे पाणी बहुधा किंचित अल्कधर्मी असते. यात माशाचे काय जाते? रसायनशास्त्र सांगते की पाण्यातील अमोनियाचा सगळाच भाग सारखा घातक नसतो. पाण्याचा सामू ७ असेल तर २५ अंश उष्णतेला शंभरांत सुमारे अर्धाच भाग जहाल रूपात असतो. सामू ८ झाला की तो शंभरांत पाचाच्या वर जातो. पाणी तापले की आणखी वाढतो. त्यात ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मे महिन्यात दुपारी वीज गेली, हवेचा पंप बंद पडला की काय होते याचा विचार आपणच करावा. मुंबईचे पाणी तानसा-वैतरणेचे, पुण्याचे खडकवासल्याचे, ते मऊ. तेथल्या एखाद्याने अनुभवाने दिलेला प्रामाणिक सल्लासुद्धा येथे आणून तसाच वापरला तर घात करू शकतो. मग पाणी कुठले हे न विचारता दिलेल्या सल्ल्याची काय कथा! नळाच्या पाण्यात तर जंतुनाशक क्लोरिन असतो. तो आपल्याला हितकारक, माशाच्या कल्ल्यांना जाळणारा. बादली रात्रभर उघडी ठेवली तर तो बराचसा उडून जातो. किंवा दुकानात हायपो नावाचे खडे मिळतात, ते योग्य मापाने टाकावे. पण 'ताजे पाणी चांगले' हे वाक्य ऐकावयास इतके गोड आहे की त्यापुढे हायपोचे कोण ऐकतो?

असे सल्ले टिकतात कसे, हा आम्हांस पडलेला खरा प्रश्न. ज्याचे मासे मेले तो बोलत नाही. तो पेटी विकतो, नाही तर तीत कांदे भरून ठेवतो. ज्याचे मासे कसेबसे तीन महिने जगले तो मात्र लग्नकार्यात, चहाच्या टपरीवर, दुकानाच्या फळीपाशी बोलत असतो. नवख्याच्या कानी पडतात ते वाचलेल्यांचेच बोल, आणि तेही कशाने वाचले हे न कळलेल्यांचे. उलट ज्याने वीस वर्षे मासे पाळले आहेत त्याच्याकडे जावे तर तो आधी विचारतो: पाणी कुठले, पेटी किती लिटरची, किती दिवस झाले, मासे किती, शेवटी काय धुतले? नवख्याला वाटते, याला काही येत नाही, उगाच चौकशा करतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे आपण म्हणतो. पण खळखळाट ऐकूनच तहानलेला तिकडे धावतो, त्याला काय करावे?

काचपेटीचा हा छंद मुळात ज्यांनी रूढ केला त्यांची रीत पाहा. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८४९ साली एका काचपात्रात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची कुजलेली पाने पाणी घाण करू लागली तेव्हा त्यांनी ती खाणाऱ्या गोगलगाई सोडल्या. असे महिनोन्महिने पाहून मग १८५० मध्ये त्यांनी आपले निरीक्षण शास्त्रज्ञांच्या सभेपुढे मांडले. तरीही जिवाणूंचे काम त्यांना माहीत नव्हते. ते पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने दाखविले. आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे म्हणून पुस्तकांतून ज्या जिवाणूंचे नाव वर्षानुवर्षे छापले जात होते, ते घरगुती पेट्यांत हे काम करणारे मुख्य जिवाणू नव्हेतच, दुसरेच आहेत, असे १९९८ साली निघाले. पंडितांची ही स्थिती, आणि आम्ही दोन मासे जगल्यावर गुरू झालो.

आमच्या पांडित्याचा आणखी एक मासला. हिवतापाच्या डासांसाठी आरोग्य खात्याचे लोक डबक्यांत गप्पी मासे सोडतात. गप्पी हे नाव गप्पांवरून पडले, असे आम्ही एकदा बालमेळाव्यात ठणकावून सांगितले. पुढे वाचनात आले की त्रिनिदाद बेटावरच्या गप्पी नावाच्या गृहस्थांनी हे मासे लंडनला धाडले आणि १८६६ मध्ये त्यांचे नाव माशाला मिळाले. तेही घाईनेच, कारण १८५९ मध्येच पीटर्स या जर्मन पंडिताने त्या माशाला वेगळे शास्त्रीय नाव देऊन ठेवले होते. ही चूक निरुपद्रवी, मुले हसली इतकेच.

दोन सल्ले मात्र निरुपद्रवी नाहीत. 'मासा पेटीच्या मापानेच वाढतो' हा एक. गोल्डफिश वाटीएवढ्या भांड्यात ठेवला की तो लहान राहतो हे खरे, पण तो खुरटतो म्हणून लहान राहतो. इंग्लंडात टिश नावाचा एक गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळाला होता. तो १९९९ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षे जगला. आपल्याकडे तोच मासा चार महिने जगला तर मालक पेढे वाटतो. दुसरा सल्ला, 'नको झाला तर नदीत सोडून द्या, पुण्य लागेल.' काच साफ करतो म्हणून विकतात तो काटेरी खवल्यांचा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. असाच सोडला जाऊन तो केरळात आणि कोलकात्याच्या पाणथळीत पसरला आहे, जाळी फाडतो, देशी माशांच्या जागा अडवितो. बिंदुसरेत सोडलेले पुढे सिंदफणेला मिळते आणि माजलगावच्या धरणात जाते, आणि तेथे जाळे टाकणारांची पोटे आहेत.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सांगावयास आम्हांस जड जाते. आमच्या गुरुपणाच्या दिवसांत शेजारचा एक आठवीतला मुलगा खाऊचे पैसे साठवून छोटी पेटी, फिल्टर आणि तीन गोल्डफिश घेऊन आला. "काका, काय काय करू?" म्हणून विचारू लागला. आम्ही क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "दर चार दिवसांनी सगळे पाणी काढ, स्पंज नळाखाली पिळून धू, नळाचे ताजे पाणी भर, वर मूठभर मीठ." त्याने पाणी कुठले ते आम्ही विचारले नाही. तीन आठवड्यांत तिन्ही मासे गेले. तो विचारावयास आला, "काका, माझे काय चुकले?" आम्ही म्हणालो, "मासेच कमजोर निघाले रे." खरे तर आम्हांला काहीच माहीत नव्हते, आणि तेवढे म्हणणे आमच्याच्याने झाले नाही.

पुढे आम्हांस खरे कळले तरी आम्ही त्याच्याकडे गेलो नाही. सहा वर्षांनी तो संभाजीनगरच्या कॉलेजातून सुट्टीवर आला असताना एकदाचे गेलो आणि सारे सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, परीक्षा होती म्हणून मी दोन वेळा स्पंज धुवायचा विसरलो होतो. मला इतकी वर्षे वाटत होते, त्यानेच मेले." त्या माशांच्या वाट्याला जे बरे दिवस आले असतील ते बहुधा तेवढेच दोन आठवडे, आणि त्याच दोन आठवड्यांचा अपराध ते पोर सहा वर्षे मनात वागवीत होते.

आता आमच्याकडे तीन फुटांची पेटी आहे, तीत पाच मासे. आठवड्याला एक बादली पाणी बदलतो. काढलेले पाणी कुंड्यांतल्या तुळशीला आणि मोगऱ्याला जाते, त्यामुळे सौभाग्यवतींचा विरोध मावळला आहे. कोणी सल्ला विचारावयास आले तर आम्ही त्याला घरच्या पाण्याची बाटली आणावयास सांगतो. अमोनिया आणि सामू तपासण्याच्या थेंबांची पेटी आज बरोबर आणली आहे. ती मंडपाच्या दाराशी, पुस्तकांच्या टेबलाजवळ ठेवली आहे. ज्यांच्या घरी मासे आहेत त्यांनी उद्या सायंकाळी येताना एक बाटली पाणी घेऊन यावे. मासे मेले असले तरी आणावे.