एका 'एम'ची किंमत

आज बोलूया एका अक्षराबद्दल.

२००९ साली मेलबर्न महापालिकेने नवा लोगो आणला. निळ्या-हिरव्या तुकड्यांनी बनलेलं इंग्रजी 'एम'. खर्च साधारण २,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. लोक भडकले, एका अक्षराचे एवढे पैसे? त्यात काम दिलं लँडॉरच्या सिडनी ऑफिसला. मेलबर्न-सिडनी म्हणजे आपलं पुणे-मुंबईच समजा!

उलट न्यूयॉर्कचं 'आय लव्ह न्यूयॉर्क' मिल्टन ग्लेझर यांनी १९७०च्या दशकात फुकट करून दिलं होतं. २०२३ मध्ये त्याच धर्तीवर 'वुई लव्ह एनवायसी' आलं, तर लोकांनी त्याचीही भरपूर टर उडवली. म्हणजे राग नुसता पैशांचा नसतो. आपल्या शहराची ओळख आपल्याला न विचारता बदलली, हे जास्त लागतं.

मी सॉफ्टवेअरवाला. ॲपचा आयकॉन बदलला की आठवडाभर शिव्या ठरलेल्या, मग सवय होते. मेलबर्नचा 'एम'सुद्धा टिकला, डिझायनर लोक आज त्याचं कौतुक करतात. मग तेव्हाची ओरड फुकट होती का?

मला नाही वाटत. ॲप आवडलं नाही तर अनइन्स्टॉल करता येतं, शहर नाही. आणि महापालिकेचा पैसा म्हणजे आपला कर. म्हणून आपल्या शहराचा नवा लोगो आला, तर मीम जरूर टाका. पण सोबत हेही विचारा: खर्च किती, कशावर, आणि ठरवलं कोणी?

भेटू पुढच्या भागात!