वास्तव कोणी ठरवावे?



आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने विज्ञानाविषयी बोलावे, हे काहींना अनधिकार वाटेल. परंतु ‘वास्तव’ म्हणजे काय, हा प्रश्न एका शब्दाच्या अर्थाचाही आहे. तेवढ्यापुरता माझा अधिकार आपण मान्य करावा.

१९२७ साली एडिंबरा येथील गिफर्ड व्याख्यानांत खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी दोन टेबलांचा दृष्टांत दिला. एक नित्याचे, रंग असलेले, भरीव. दुसरे विज्ञानाचे, बहुतांशी रिकामी जागा आणि तीत वेगाने फिरणारे विद्युतभार. खरोखर अस्तित्वात आहे ते दुसरेच, असा त्यांचा निर्वाळा होता. १९३७ मध्ये सुझन स्टेबिंग या तत्त्वज्ञ विदुषीने त्यावर मार्मिक आक्षेप घेतला. ‘भरीव’ हा शब्द आपण शिकतो तोच मुळी फळी, टेबल अशा वस्तूंवरून. त्याच भरीव नसतील, तर त्या शब्दाला अर्थ कोणता उरला? टेबल भरीव कशामुळे, हे पदार्थविज्ञान सांगते. ते भरीव नाहीच, असे सिद्ध करीत नाही. कारण सांगणे आणि अस्तित्व नाकारणे यांत महदंतर आहे.

याचा अर्थ विज्ञानाला कमी लेखावे असा नव्हे. अणूंचे अस्तित्व मानण्यास अर्न्स्ट माख यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ तयार नव्हता. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या हालचालीचे गणित मांडले. १९०८ पासून झाँ पेरँ यांनी ते प्रयोगांनी पडताळले आणि बहुतेक सर्व शंकेखोरांचे समाधान झाले. हा निवाडा व्याकरणाने झाला नसता, शब्दप्रामाण्यानेही नाही.

पण सर्वच वास्तव प्रयोगशाळेत साक्षीला येत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्रीपासून पाचशे आणि हजार रुपयांच्या तत्कालीन नोटांची कायदेशीर चलन म्हणून असलेली मान्यता संपली. कागदात वा शाईत तसूभरही फरक पडला नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. मातीचे पृथक्करण करून ती सीमारेषा सापडणार नाही. पण कचेरीतील अर्ज कोणत्या भाषेत लिहावा, मुलाला कोणत्या शाळेत घालावे, हे प्रश्न तिने घरोघरी उभे केले. तिला मिथ्या म्हणण्याचे धाडस सीमाभागातील कोण करील?

येथे एका धोक्याची जाणीव ठेवली पाहिजे. ‘विज्ञानाला सर्वच कळत नाही’ या वाक्याच्या आडोशाने बुवाबाजी घरात शिरते. अंगाऱ्याने ताप उतरतो, हे विधान शरीराविषयी आहे. ते वैद्यकाच्या कसोटीला उतरलेच पाहिजे. असा पुरावा आयुष्यभर मागत राहिलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, हे विसरून या विषयावर बोलता येणार नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच : दावा ज्या जातीचा, पुरावा त्या जातीचा. निसर्गाविषयीच्या दाव्यास प्रयोग हवा, इतिहासाच्या दाव्यास साधने हवीत, शब्दाच्या अर्थास भाषेचा व्यवहार हवा. आणि ‘विज्ञान सांगेल तेवढेच वास्तव’ हा दावा? तो कोणत्या प्रयोगाने सिद्ध झाला आहे? तो विज्ञानाचा सिद्धांत नसून विज्ञानाविषयीचे एक मत आहे. मताची परीक्षा विचारानेच व्हावयाची.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांपैकी एकाच खोलीची किल्ली जवळ बाळगू नका. दोन्हींकडे पुरावा मागा.