महापालिकेपुढे आपल्या वास्तूची बाजू
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्यासपीठावरून आपल्या ज्ञातीचा इतिहास, विद्यार्थ्यांची प्रगती अथवा कुलदैवताचे माहात्म्य ऐकण्याची आपणांस सवय आहे. तेथे घरपट्टी आणि आरक्षण यांसारखा रुक्ष विषय घेऊन उभे राहणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु हा विषय चिटणीसांनी आग्रहाने मजकडे सोपविला, व त्यास कारण आहे. आपल्यापैकी पुष्कळ घराण्यांचे वाडे जुन्या पेठांतून आहेत. काहींची पूर्वी गावाबाहेर असलेली शेतजमीन आता शहराच्या हद्दीत आली आहे. या वास्तू आणि या जमिनी हीच बहुतेक घरांची एकमेव मोठी ठेव होय. आणि गेल्या कित्येक वर्षांच्या माझ्या वकिलीत मी असे पाहिले, की ही ठेव न्यायाच्या लढाईत हरून जितकी जाते त्याहून अधिक ती लढाई वेळेवर सुरूच न केल्यामुळे जाते.

प्रथम एक समज दूर केला पाहिजे. महापालिकेच्या कारभाराविरुद्ध दाद मागण्याची जागा एकच आहे, तेथे जाऊन आपले गाऱ्हाणे मांडले की काम झाले, असे लोक धरून चालतात. वस्तुतः दारे निरनिराळी आहेत, आणि प्रत्येक दारावर एकच प्रश्न विचारला जातो. करआकारणीबद्दल हरकत असेल तर ती आधी आयुक्तांकडे, नंतर न्यायाधीशांपुढे. बांधकामाची परवानगी नाकारली गेली तर ४० दिवसांच्या आत राज्य शासनाकडे अपील. विकास आराखड्यात आपल्या जमिनीवर आरक्षण पडले तर हरकत नियोजन समितीपुढे. करआकारणीच्या सुनावणीत आरक्षणाचे दुःख सांगून उपयोग नाही. त्या अधिकाऱ्यास ते ऐकण्याचा अधिकारच नाही. तो सहानुभूतीने ऐकून घेईल, चहाही पाजील, पण निकालात त्याचा एक शब्द येणार नाही.

यांतील पहिले दार, म्हणजे मिळकतकराचे, आपल्या घराण्यांस अधिक लागते. म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो. मुंबईस १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे व तेथे २०१० पासून भांडवली मूल्यावर कर बसतो. पुण्यासारख्या इतर महापालिकांस १९४९ चा कायदा लागू आहे. त्यातील करयोग्य मूल्याची कल्पना फार जुनी व साधी आहे. आपली वास्तू वर्षभरासाठी भाड्याने दिली असता वाजवीपणे जे भाडे अपेक्षित धरता येईल ते घ्यावयाचे, त्यातून दुरुस्ती वगैरेसाठी १० टक्के वजा करावयाचे; उरते ते करयोग्य मूल्य. अपिलात वाद होतो तो या ‘वाजवी’ शब्दावर. वाड्यात जुने भाडेकरू असतील आणि त्यांचे भाडे भाडेनियंत्रण कायद्याने बांधलेले असेल, तर बाजारातला दर कितीही चढलेला असो, मालकाला कायद्याने जे घेताच येत नाही ते त्याचे वाजवी भाडे कसे होईल? हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली कलकत्त्याच्या पद्मादेवी खटल्यात मान्य केला आणि १९७९ साली दिल्लीच्या दिवाण दौलत राय कपूर खटल्यात पुन्हा मान्य केला. ज्या राज्यात विधिमंडळाने वेगळी स्पष्ट तरतूद केलेली नाही तेथे त्याचा आधार घेता येतो. पण आधार घेण्यासाठी भाड्याच्या पावत्यांची स्थळप्रत हवी! किती घरांत ती सापडेल? आजोबा पावतीपुस्तक जपून ठेवीत; नातवंडांनी वाडा साफ करताना ते रद्दीत घातले.

अपील करण्यास तीन अटी आहेत, आणि त्या तिन्ही मुद्द्याच्या चर्चेपूर्वीच पाहिल्या जातात. करयोग्य मूल्याविरुद्धची तक्रार आधी आयुक्तांकडे केलेली असावी व तिचा निकाल लागलेला असावा. कारण घडल्यापासून १५ दिवसांत अपील दाखल व्हावे. पुण्यात ते लघुवाद न्यायालयात चालते. आणि वादग्रस्त कराची रक्कम भरलेली असावी. या तिसऱ्या अटीने मोठी मोठी माणसे अडखळतात. ‘पैसे भरले म्हणजे कर मान्य केला’ अशी आपल्याकडे एक मानी समजूत आहे. ती चुकीची आहे. हक्क अबाधित ठेवून रक्कम भरीत असल्याचे पत्र देऊन, त्याची पोच घेऊन पैसे भरावेत. त्याने आपली हरकत दुबळी होत नाही. स्वाभिमानाने पैसे अडवून धरणाऱ्याचे अपील मात्र आत घेतलेच जात नाही. पंधरा दिवसांची मुदतही लहान वाटते, पण ती मोजण्याची तारीख आपल्याच हातात असते. म्हणून निकालाची प्रत हाती पडताच तिच्यावर दिनांक लिहावा, व ज्या लिफाफ्यातून ती आली तो लिफाफा टाकू नये.

आता सुनावणीत बोलावे कसे? शिवकालात आणि पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई, तेव्हा वादी व प्रतिवादी या दोघांकडून लेखी ‘तकरीर’ घेत. आणि पुढे जो निवाडा होई त्याची नोंद महजरात होत असे. तकरीर या अरबी शब्दाचा अर्थ निवेदन, कथन. आज आपण जिला तक्रार म्हणतो तो शब्दही अरबीच, पण त्याचा मूळ अर्थ पुनरुक्ती! दोन शब्द ऐकण्यास सारखे, परंतु माझ्या अनुभवात सुनावण्यांची हारजीत पुष्कळदा त्यांच्यातील या अंतरावर ठरली आहे. तकरीर देणारा सांगतो की अमुक खोली अमुक चौरस फुटांची, अमुक वापराची, अमुक सालापासून. तक्रार करणारा सांगतो की अन्याय झाला, घोर अन्याय झाला, आणि पुन्हा एकदा सांगतो की अन्याय झाला.

एका शहरातील एक वृद्ध विधवा भगिनी मला आठवतात. तळमजल्यावरील खोलीत पूर्वी मसाला कांडपाचे यंत्र होते. ते बंद होऊन बरीच वर्षे झाली, तरी आकारणी व्यापारी दराने चालू होती. त्यांनी सुनावणीसाठी बावीस पानांचे पत्र तयार केले होते. त्यात यजमानांची शिक्षकी सेवा, मुलांची शिक्षणे, शेजाऱ्याचे उपद्रव, सारे काही होते. मात्र यंत्र बंद कधी झाले ते नव्हते. मी ते पत्र बाजूस ठेवविले. आम्ही शोधाशोध केली तेव्हा औद्योगिक वीजजोडणी परत केल्याची पावती देवघराच्या कपाटात मिळाली. ती एक पावती, खोलीची दोन छायाचित्रे आणि अर्ध्या पानाचा अर्ज एवढ्यावर दर बदलला. बाईंना मात्र बावीस पाने वाचली गेली नाहीत याचे वाईट वाटले, आणि मला त्यांचे वाईट वाटणे समजत होते. माणसाला केवळ कर कमी व्हावयास नको असतो. आपले म्हणणे कोणी तरी ऐकावे असेही वाटते. परंतु त्या दोन गोष्टी एकाच मेजावर मिळत नाहीत.

याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात प्रमाणे तीन सांगितली आहेत : लिखित, भुक्ती आणि साक्षी. आजच्या सुनावणीतही हीच तीन कामास येतात, आणि बहुधा याच क्रमाने. लिखित म्हणजे मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, जुना आकारणी उतारा. भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष वापर, व तो दाखविणारी वीजबिले. पुण्याचेच उदाहरण घ्या. स्वतः राहणाऱ्या मालकांस १९७० पासून ४० टक्के सवलत मिळत असे. ती मध्यंतरी गेली आणि २०२३ साली शासनाच्या निर्णयाने पुन्हा मिळू लागली. तेव्हा ज्यांची सवलत गेली होती त्यांस पीटी-३ नावाचा अर्ज भरून आपण स्वतः राहतो याचा पुरावा जोडावा लागला. पिढ्यान् पिढ्या ज्या घरात राहिलो तेथे राहत असल्याचा पुरावा काय द्यावयाचा, असे म्हणून कित्येक ज्येष्ठ रागावले. राग साहजिक होता. पण भुक्ती ही सिद्ध करावयाची गोष्ट आहे, हे स्मृतिकारांच्या काळापासून चालत आलेले आहे.

येथे मला आपल्या घराण्यांतील एका दुखण्याचा उल्लेख करणे भाग आहे, तो कटू वाटला तरी. वाडा पणजोबांच्या नावावर, पणजोबांस जाऊन साठ वर्षे झालेली, आणि वारस अकरा. कायद्याप्रमाणे मालकाच्या निधनानंतर एका वर्षाच्या आत वारसांनी महापालिकेस कळवावयाचे असते. आपण ते कळवीत नाही, कारण कळविण्यासाठी कोणाकोणाची नावे लावावयाची हा प्रश्न घरात काढावा लागतो. मग नोटीस येते ती मृताच्या नावाने. थोरला भाऊ ती ठेवून देतो, धाकट्यास ती चार महिन्यांनी कळते. एका प्रकरणात दोघा चुलतभावांनी एकाच वाड्याची दोन निरनिराळी मोजमापे दाखल केलेली मी पाहिली. अधिकारी शांतपणे म्हणाले, ‘‘आधी आपसांत ठरवा, मग या.’’ त्या दोघांतील हिश्शाचा वाद सोडविण्याचा अधिकार त्या आसनास नव्हताच. तो दिवाणी न्यायालयाचा. पण त्या वादाने अपील बुडाले ते दोघांचेही. म्हणून माझी विनंती आहे की वारसांची नोंद करून घ्यावी, आणि सुनावणीपुरते एकास सर्वांच्या सहीचे अधिकारपत्र द्यावे. बहिणींच्या सह्याही घ्याव्यात. त्या वारस आहेत हे आजही काही घरांत विसरले जाते.

जमिनीच्या वापराविषयी थोडक्यात सांगतो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१३ साली प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या. इतक्या गर्दीत छापील नमुन्यावर सही करून दिलेला कागद कितपत वाचला जाईल याचा विचार करावा. ज्या हरकतीत सर्व्हे क्रमांक आहे, मोजणीचा नकाशा आहे, आणि ‘मैदान येथे नको’ एवढेच न म्हणता शेजारच्या कोणत्या सार्वजनिक जागेवर ते होऊ शकेल हे दाखविले आहे, तिच्याकडे समितीचे लक्ष जाण्याचा संभव अधिक. आणि आरक्षण कायम झाले तरी सर्व संपले असे नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमान्वये, अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालकास मालकीच्या कागदांसह सूचना देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही, अथवा त्याची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. पावले म्हणजे केवळ पत्रव्यवहार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्स खटल्यात स्पष्ट केले. परंतु ही सूचना देण्यासही मालकीचे कागद लागतात, म्हणजे पुन्हा आपण त्या अकरा वारसांपाशी येतो.

कोणी विचारील, की महापालिकेने ऐकूनच घेतले नाही तर? १८६३ साली लंडनजवळच्या वाँड्सवर्थ येथे कूपर नावाच्या गृहस्थाचे दुसऱ्या मजल्यापर्यंत आलेले घर तेथील स्थानिक मंडळाने, आगाऊ सूचना दिली नाही या कारणाने, त्याला न विचारता पाडले. तसे पाडण्याचा अधिकार मंडळास कायद्यात होता. तरीही न्यायालयाने मंडळास दोषी धरले. एका न्यायमूर्तींनी तर जुना दाखला देऊन म्हटले, की ॲडमला उद्यानातून घालविण्यापूर्वी प्रत्यक्ष परमेश्वरानेही त्याचे म्हणणे विचारले होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १३ नोव्हेंबर २०२४ च्या निर्णयात बांधकाम पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी आणि आदेशानंतर आणखी १५ दिवसांचा अवधी सांगितला आहे. रस्ता वा अन्य सार्वजनिक जागेवरील अतिक्रमणास मात्र हे संरक्षण नाही. तेव्हा ऐकले जाण्याचा हक्क आहे. तो मागावा, आणि लेखी मागावा.

शेवटी आपल्या मंडळाच्याच वास्तूविषयी. जी जागा केवळ सार्वजनिक धर्मादाय कार्यासाठी वापरली जाते तिला सर्वसाधारण करातून सूट मिळू शकते, व शिक्षण हे त्या कार्यात मोडते. आपल्या वसतिगृहाचा त्यावर दावा सांगता येईल असे माझे मत आहे. परंतु लग्नासाठी भाड्याने दिले जाणारे सभागृह त्यात घालण्याचा मोह कार्यकारिणीने टाळावा. तो भाग वेगळा दाखविला तरच वसतिगृहाचा दावा स्वच्छ राहील. आणि ‘सार्वजनिक’ या शब्दाकडेही पाहावे लागेल. प्रवेश केवळ आपल्याच ज्ञातीच्या मुलांना आहे काय, असा प्रश्न सुनावणीत येणार हे निश्चित. गेली काही वर्षे आपण इतर समाजांतील गरजू विद्यार्थ्यांसही प्रवेश देतो, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याची नोंदवही नीट ठेवली जावी, अशी चिटणीसांस सूचना करतो.

ज्या कुटुंबांकडे सध्या एखादी नोटीस आलेली आहे त्यांनी भोजनानंतर कार्यालयात मला भेटावे. मजकूर मागाहून वाचू. येताना लिफाफा आणावा, म्हणजे प्रथम तारीख पाहता येईल.