धोंडस आणि आपला अलिखित ठेवा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिष्यवृत्त्या, विवाहातील वाढता खर्च, तरुणांची नोकरी अशा भारदस्त विषयांवर भाषणे झाली. मी मात्र आज आपणांस स्वयंपाकघरात घेऊन जाणार आहे. ज्या हाताने पस्तीस वर्षे खडू धरला त्याने आता उलथने कशास धरावे, असे कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढी विनंती आहे.

भट्टीत भाजलेले गोड पदार्थ म्हणजे बाजारची किंवा साहेबी वस्तू, अशी आपल्या मुलाबाळांची समजूत झाली आहे. ती खरी नाही. आपल्या कोकणातील बायकांजवळ भट्टी नव्हती, पण भट्टीची विद्या होती. पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे आणि मध्ये पदार्थ, हीच ती भट्टी. शेजारच्या गोव्यात रवा व ओले खोबरे यांची बोलिनास घरोघर भाजतात. नारळाचे दूध, अंड्याचा बलक, मैदा व साखर यांचे थरावर थर भाजून बेबिंका करतात, तीही मुळात वरच्या निखाऱ्यांवरच. या बेबिंकेस 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपले धोंडस तिच्याच पंक्तीत बसणारे आहे.

धोंडस हे पावसाळ्याच्या अखेरीचे पक्वान्न. मोठी, जून तवशी आढ्याला टांगून ठेवलेली असत. त्यांतले एक उतरवावयाचे. तवशाचा ओलावा, गुळाची गोडी आणि नारळाची स्निग्धता, असा हा त्रिवेणी संगम आहे. नारळाचे तर काहीच वाया जात नसे. खोबरे व दूध पदार्थात जाई, आणि करवंट्यांचे निखारे झाकणावर पडत.

माझी काकू आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी मी वही घेऊन तिच्यापुढे बसलो आणि प्रमाण विचारले. ती हसून म्हणाली, "अरे मास्तर, रवा मागेल तेवढे दूध घालायचे. त्यात मोजायचे काय?" मी गणिताचा शिक्षक! मी घरी येऊन आपल्या हिशोबाने धोंडस केले, आणि त्याची खळ झाली. रवा मी वाटीने मोजला होता आणि दूध चहाच्या मोठ्या कपाने. भांडे कोणतेही घ्या, पण सर्व जिनसांस एकच घ्या, हा प्रमाणाचा पहिला धडा मी वर्गात शेकडो मुलांना शिकविला होता. चुलीपुढे तो मलाच आठवला नाही. पुन्हा काकूकडे गेलो. ती करीत गेली, आणि तिने हात घालण्यापूर्वी मी प्रत्येक जिन्नस एकाच वाटीने मोजीत गेलो. ती नोंद अशी:

तांदळाचा रवा दोन वाट्या, तवशाचा कीस पाण्यासह तीन वाट्या, चिरलेला गूळ दीड वाटी, खवलेले ओले खोबरे एक वाटी, नारळाचे दाट दूध एक वाटी, तूप चार चमचे, वेलचीपूड व चिमूटभर मीठ.

रवा तुपावर मंद आचेवर खमंग भाजावा. कच्चा राहिल्यास पदार्थ चिकट होतो. नारळ खवताना पाठीची काळी साल येऊ देऊ नये. कीस, गूळ व मीठ यांस उकळी आली की रवा हळूहळू सोडावा. तो फुलला की खोबरे व वेलची घालावी. दूध मात्र एकदम न ओतता, मिश्रण उलथन्यावरून जडपणे पडेल इतके सैल ठेवून घालावे. "रवा मागेल तेवढे" याचा अर्थ हाच. तूप लावलेल्या पातेल्यात हे ओतून खाली थोडे व झाकणावर अधिक निखारे ठेवावेत. तळ भांड्याला लागलेला असतो व गूळ लवकर करपतो, म्हणून खाली धग कमी. आजच्या घरात विजेची भट्टी असल्यास 180 अंशांवर सुमारे पाऊण तास पुरे. धोंडस पूर्ण निवल्याखेरीज कापू नये. निवताना ते आळते आणि वड्या सुबक पडतात.

आता या भाषणाचे खरे कारण सांगतो. माझी आई श्रावणात तापल्या वाळूच्या कढईत खोबऱ्याची बिस्किटे भाजीत असे. शाळेतून येताना त्यांचा वास आम्हांस आळीच्या तोंडाशीच लागे. त्यांत रवा होता की तांदळाचे पीठ, तूप किती, वाळू किती तापवावयाची, हे आज आमच्या घरात कोणासही सांगता येत नाही. मी अनेकदा करून पाहिली. तो वास आला नाही. आई अखेरची सहा वर्षे माझ्याचपाशी होती. तिच्या औषधांच्या वेळा मी वहीत लिहिल्या, दुधाचा हिशोब लिहिला. पण हे विचारावयाचे मला एकदाही सुचले नाही. ते बायकांचे काम, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीची किंमत मी भरली आहे.

अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापून निघाले. त्यांत आजोबा, पणजोबा, त्यांची गावे, त्यांची वतने सर्व सापडते. ज्या हातांनी ती घराणी पोसली त्या हातांचा वृत्तांत कोठे आहे? तो कागदावर नाही. तो आपल्या घरातील सत्तरी-ऐंशीच्या आजी, काकू, मावशी यांच्या बोटांत आहे, आणि ती बोटे आता थरथरू लागली आहेत.

म्हणून मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे. पुढील वर्षाच्या स्मरणिकेत चार पाने या ठेव्यासाठी राखून ठेवावीत. प्रत्येक कुटुंबाने एक जुना पदार्थ, एकाच वाटीने मोजून, करणारीच्या नावासह लिहून पाठवावा. लिहिण्याचे काम घरातील मुलग्यांनी व पुरुषांनी करावे, असा माझा विशेष आग्रह आहे. लिहिण्यापूर्वी निदान एकदा तो पदार्थ त्यांनी स्वतः भाजावा. करपला तरी चालेल. माझाही बिघडलाच होता.

माझ्या आईचे पान त्या स्मरणिकेत असणार नाही. आपल्या आईचे असू शकेल. आज घरी गेल्यावर एवढेच विचारा, "आई, हे तू कसे करतेस?"